खाडाखोड

विमान पहिली घिरटी रिकामीच घालतं.
तेवढ्या वेळात आम्ही गुरं हाकलतो, पोरं हाकलतो,
आणि चुन्याच्या फुलीवर निजलेल्या वेड्या बिएलला
काखेत हात घालून उचलतो.
मग आभाळ फाटतं,
आणि या वेळी पाणी पडत नाही.
एका पोत्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं,
सहा कातड्यांची ज्वारी.
तरी शंभरातली दोन-तीन फुटतातच.
फुटलेल्यावर हक्क झाडणाऱ्या बायांचा.
हा नियम कागदावर नाही, म्हणून पाळला जातो.

पाणी चौथं वर्ष उतरलेलं नाही.
बांधाच्या आत आम्ही, बांधाबाहेर गाव.
गाव म्हणजे आता शाळेचं छप्पर
आणि त्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा.
पलीकडे, कोरड्या अंगाला, बंदुका.
नाईलनं जे ठेवलं ते त्यांनी नेलं,
त्यांनी जे टाकलं ते नाईलनं.
वाटणी कशी चोख.

माझ्याकडे वही, पेन,
आणि बोटं ओळखणारं यंत्र.
मी सातवीपर्यंत शिकलो, म्हणून टेबलाच्या या बाजूला.
एवढाच फरक.

न्याबुआय आली तेव्हा ऊन डोक्यावर.
यंत्रानं तिचा अंगठा ओळखला नाही.
तर्जनी नाही. मधलं बोट नाही.
गळाभर पाण्यात उभं राहून
चिखलातून कमळाचे कंद उपटणाऱ्या बाईची बोटं
उकडलेल्या कंदासारखीच होतात,
फुगीर, पांढुरकी, रेघ नसलेली.
"पूस," मी म्हटलं.
तिनं खांद्यावरच्या फडक्याला पुसली.
यंत्राचा लाल डोळा तसाच.

मी तिला ओळखतो.
तिच्या नवऱ्याला आम्ही
त्याच्या तांबड्या बैलाच्या नावानं हाक मारायचो.
यंत्राला बैल माहीत नाही.

शेवटी कार्ड पाहिलं. माणसं : सात.
ती एक. मागे तीन.
एक डोईवरच्या टोपलीत, झोपलेलं.

वरून निरोप होता, या महिन्यापासून माप अर्धं.
कुठल्याशा लांबच्या देशात पैसे संपले म्हणे.
संपतात. आमच्या गाई नाही का संपल्या?
सातांचं अर्धं साडेतीन.
पाचांचं अर्धं अडीच.
एका मापाचा प्रश्न, आणि एका रेघेचा.

मी विचारलं नाही. विचारणं हेच तर माझं काम.
तीच म्हणाली,
"कोआंग पाण्यात गेला नाही. पाण्यानं गेला. तीन दिवसांत.
सासू त्याच्या मागून, खाणं सोडून.
म्हणाली, माझं धाकट्याला घाल.
आता तू तिचं माप काढून घेणार असशील,
तर तिनं मग सोडलं काय,
तेवढं सांग मला."

रांग गप्प होती. रांग कधी गप्प नसते.
उन्हात पेनची शाई घट्ट होते, हे खरं आहे.
माझं पेन उठलंच नाही, हेही.

सात होते ते सातच राहिले.

दुपार कलली. पोती संपत आली.
रांगेच्या टोकाला न्याडाक, लांबून चालत आलेली,
तिला एक माप कमी पडलं.
तिच्या कार्डावर माणसं चार.
चारही समोर उभी, चारही जिवंत.
ती भांडली नाही. भांडायला हवं होतं.
झाडणाऱ्या बायांनी आपल्या सुपातलं
तिच्या ओच्यात लोटलं, मातीसकट, खड्यांसकट.
कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी वही तपासली.
बेरीज जुळली.
"अक्षर छान आहे," म्हणाले, "कुठे खाडाखोड नाही."
मी सही केली.

बाहेर बिएल पुन्हा फुलीवर जाऊन निजला होता,
हातपाय चारी दिशांना,
तोंड उघडं, वर.